वेळापत्रक छापायला देण्यापूर्वी : सोलापुरातील शिकवणी वर्गांच्या चालकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील खासगी शिकवणी वर्गांचे आणि कनिष्ठ महाविद्यालयांचे चालक यांस,

सविनय नमस्कार.

मी शहराच्या पूर्व भागात सव्वीस वर्षांपासून दवाखाना चालवते. माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबे यंत्रमाग, विडी आणि शिलाईकाम यांवर जगणारी आहेत. आपल्याकडे आज अकरावी-बारावीला बसणारी यांतली अनेक मुले लहानपणी गोवर, जुलाब आणि फुटलेले गुडघे घेऊन माझ्याकडे येत असत. मधली काही वर्षे ती दिसली नाहीत, आणि दहावीचा निकाल लागून आपल्याकडे प्रवेश झाल्यावर दोन-तीन महिन्यांतच ती पुन्हा येऊ लागली. या वेळच्या तक्रारी वेगळ्या आहेत. पोट दुखते, डोके धरते, मळमळते, छातीत धडधडते, रात्री झोप लागत नाही आणि वर्गात डोळे उघडे राहत नाहीत. 'टेन्शन' हा शब्द त्यांच्या तोंडी क्वचित येतो. तो बरोबर आलेले पालक वापरतात, आणि तोही बहुधा स्वतःविषयी. घरी तेलुगू बोलणारी मुले बाकीचे सगळे मराठीत व्यवस्थित सांगतात आणि शेवटी पोटावर हात ठेवून 'कडुपु नोप्पी' म्हणून गप्प होतात.

या पत्राचे निमित्त माझीच एक चूक आहे, म्हणून ती आधी सांगते.

बारावीतील एका मुलीला मी जवळजवळ तीन महिने आम्लपित्ताची औषधे दिली. पोट दुखायचे, औषधाने थोडे थांबायचे, पुन्हा दुखायचे. सोनोग्राफी केली, रक्त-लघवी तपासली. सगळे ठीक निघाले. शेवटी तिच्या आईने पिशवीतून माझेच जुने केसपेपर काढून टेबलावर ओळीने मांडले आणि म्हणाली, ''मॅडम, तारखा बघा की. सगळे सोमवार आहेत. हिला रविवारीच दुखतं.'' रविवारी सकाळी तिच्या वर्गात आठवड्याची चाचणी असे, शनिवारी रात्री दुखायला लागे आणि सोमवारी संध्याकाळी ती माझ्यासमोर बसलेली असे. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या, दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाईला जे दिसले, ते मला तीन महिने दिसले नव्हते. मी पोट तपासत होते, वार तपासले नव्हते.

ब्रिस्टल येथील बालरोगतज्ज्ञ जॉन अ‍ॅपली यांनी १९५८ मध्येच दाखवून दिले होते की शाळकरी मुलांपैकी साधारण दर दहांतल्या एकाला असे वारंवार पोट दुखते आणि त्यांतील बहुसंख्य मुलांमध्ये तपासणीत कोणताही शारीरिक दोष सापडत नाही. दुखणे बेंबीपासून जितके दूर, तितकी आतल्या आजाराची शक्यता अधिक, असा त्यांचा आडाखा आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवला जातो. ही मुलगी प्रत्येक वेळी तळहात नेमका बेंबीवर ठेवत असे. इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण हे ऐकल्यावर अनेक शिक्षक आणि पालक 'म्हणजे ती नाटक करत होती' असा अर्थ काढतात. दोष सापडला नाही याचा अर्थ दुखत नव्हते असा होत नाही. पोटाला स्वतःचे मज्जातंतूंचे दाट जाळे आहे आणि ते मेंदूशी अखंड बोलत असते. ताण वाढला की जठराचे काम मंदावते, त्यामुळे खाल्लेले तसेच बसून राहते आणि मळमळते. त्याच वेळी मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, त्यामुळे पेपरला निघायच्या वेळी दोन-तीनदा संडासला पळावे लागते. ही दोन्ही दुखणी खरी आहेत, फक्त त्यांचे मूळ जठरात नाही. (वजन घटत असेल, दुखण्याने झोपेतून जाग येत असेल, ताप किंवा शौचातून रक्त असेल, तर मात्र ताण म्हणून सोडून देऊ नये, तपासणी करून घ्यावीच.)

शरीराची ही यंत्रणा मुळात आपल्या भल्यासाठीच आहे. रात्री गल्लीत कुत्री मागे लागली की विचार करण्याच्या आधी पाय पळू लागतात, ते तिच्यामुळे. मेंदूला धोका जाणवताच काही क्षणांत अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात उतरते, हृदयाचे ठोके आणि श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात, पचनासारखी सावकाश चालणारी कामे बाजूला पडतात. मागोमाग काही मिनिटांत कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक वाढते आणि साठवलेली साखर वापरायला काढते. कुत्री मागे राहिली, घराचे दार लागले, की हे सगळे हळूहळू पूर्ववत होते. आपल्या वर्गातल्या मुलाचे असे होत नाही, कारण त्याला पळायचे नसते. तीन तास बाकावर बसून पुढच्या पानावरचे गणित सोडवायचे असते, आणि घरी पोहोचल्यावरही दार लागत नाही, कारण खिशातल्या फोनवर त्या दिवसाच्या चाचणीचे गुण येऊन पडलेले असतात. ताणाच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्या हॅन्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये या अवस्थेच्या तीन पायऱ्या सांगितल्या होत्या : आधी धोक्याची घंटा, मग टिकून राहण्याची धडपड, आणि धोका संपतच नसेल तर शेवटी थकवा. माझ्याकडे मुले बहुधा तिसऱ्या पायरीवर येतात. दुसऱ्या पायरीवर असताना ती आपल्याला 'मेहनती' वाटत असतात.

परीक्षेचा ताण शरीरात किती खोल जातो, हे दाखवणारा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. अमेरिकेतील दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या तोंडातल्या टाळूवर संशोधकांनी दोन वेळा सारखीच छोटी जखम केली, एकदा उन्हाळी सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. हे संशोधन १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थी तेच, टाळू तीच, जखम तेवढीच. म्हणून एखाद्या मुलाला दर महिन्याला सर्दी होते, तोंड सतत आलेले असते, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या बऱ्या होत नाहीत, तेव्हा 'बाहेरचे खातो' एवढ्यावर विषय संपवणे मला आता जमत नाही. वडापाव त्याचे मित्रही खातात.

केसांचे सांगते. मे-जून आला की मुली कागदाच्या पुडीत केस घालून घेऊन येतात आणि परीक्षा संपल्यावर कसे काय गळू लागले, असे विचारतात. एखाद्या मोठ्या ताणानंतर केसांची मुळे एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि ते केस साधारण दोन-तीन महिन्यांनी गळतात. म्हणजे मार्चमधल्या परीक्षेचा हिशेब जूनमध्ये कंगव्यात सापडतो. ते पुन्हा येतात, हे सांगितले की मुलींचा जीव भांड्यात पडतो. पाळीचेही असेच आहे. पाळीचे चक्र चालवणारा मेंदूतला भाग आणि ताणाची घंटा वाजवणारा भाग एकच, हायपोथॅलॅमस. एकीकडे धांदल उडाली की दुसरीकडचे काम लांबते. दोन-दोन महिने पाळी न आलेली सतरा वर्षांची मुलगी त्याविषयी कोणाशी बोलत नाही, आणि आई भलतीच शंका घेते, मग घरात जे घडते त्याचा ताण परीक्षेपेक्षा मोठा असतो. यावर मी अधिक लिहीत नाही. आपल्या संस्थेत मुलींना विश्वासाने बोलता येईल अशी एक तरी स्त्री कर्मचारी असावी, एवढेच म्हणते.

पाण्याचा मुद्दा मात्र मी लांबवणार आहे, कारण तो इतका साधा आहे की कोणी बोलत नाही. आपल्यापैकी अनेकांचे वर्ग व्यापारी संकुलांच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली भरतात. शंभर-दीडशे मुलांमागे एखादे स्वच्छतागृह, त्याला कधी कडी नसते तर कधी पाणी नसते. ज्या शहरात नळालाच रोज पाणी येत नाही तिथे टाकी रिकामी असणे नवलाचे नाही. मुलींनी यावर स्वतःपुरता उपाय शोधला आहे : त्या पाणीच पीत नाहीत. सकाळी घरून निघाल्यापासून दुपारी परत जाईपर्यंत बाटली तशीच भरलेली. मार्च उजाडताच आपल्याकडे पारा चाळिशीकडे सरकू लागतो, हे सोलापूरकरांना सांगायला नको. पाणी कमी पडले की डोके दुखते, लक्ष लागत नाही, थकवा येतो आणि लघवीच्या जागी जळजळ सुरू होते. मग औषध, मग बुडालेला तास, मग बुडालेल्या तासाचा ताण. या साखळीत कुठेही भौतिकशास्त्र अवघड नाही. कडी बसवायला किती खर्च येतो?

आता त्या संध्याकाळचे सांगते. जानेवारीतली, गड्ड्याच्या यात्रेची गर्दी होती, त्यामुळे रिक्षेला वेळ लागला. वर्गातील दोन मुली आणि एक तरुण सर मिळून एका मुलीला जवळजवळ उचलूनच दवाखान्यात घेऊन आले. तिच्या दोन्ही हातांची बोटे एकमेकांना चिकटून आत वळली होती, मनगटे वाकली होती, ओठांभोवती मुंग्या येत होत्या. सर घामाघूम झाले होते. ''फिट आली, मॅडम,'' असे ते म्हणत होते, आणि कोणीतरी वाटेत तिच्या नाकाला कांदाही लावला होता. ती फिट नव्हती. सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका हातात आल्यावर तिचा श्वास भराभर चालू झाला आणि तसाच राहिला. असा वेगाने श्वास चालू राहिला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे रक्तातल्या कॅल्शियमचा तोल तात्पुरता बिघडतो आणि बोटे अशी आखडतात. आखडलेली बोटे पाहून मुलगी आणखी घाबरते आणि श्वास आणखी वाढतो. मी खोलीतली गर्दी बाहेर काढली, तिच्यासमोर बसले आणि माझ्या हाताच्या तालावर तिला श्वास सोडायला लावला. घेण्यापेक्षा सोडणे लांबवायचे, एवढेच. पंधरा मिनिटांत बोटे सुटली. उठून बसल्यावर तिचे पहिले वाक्य होते, ''मॅडम, मी गैरहजर लागले असेन. घरी मेसेज गेला असेल का?''

मेसेज गेला होता. तिचे वडील मला फोन करण्याच्या आधी वर्गाला फोन करून विचारत होते की मुलगी कुठे हिंडते आहे.

शरीराच्या तक्रारी निदान तोंडावाटे बाहेर पडतात. मनाच्या पडत नाहीत, त्या वागण्यातून गळतात. मुलगा घरात कोणी काही विचारले की अंगावर येतो. मुलगी एकाएकी फार शहाणी होते, काही मागत नाही, सणाला नवे कपडे नकोत म्हणते. कोणी क्रिकेट सोडतो, कोणी जेवताना ताट घेऊन आत जातो. पालकांना यातले रागावणे तेवढे दिसते. शांत झालेल्या मुलाचे ते कौतुक करतात. मला त्या शांत मुलांची काळजी जास्त वाटते. अकरावीतल्या अशाच एका मुलाला मी वजन कमी झाल्याबद्दल विचारत होते. बराच वेळ तो खाली बघत राहिला आणि मग म्हणाला, ''क्लासची फी म्हणजे आईच्या किती विड्या, ते मी काढलंय.'' त्याने खरोखर काढले होते. वहीच्या शेवटच्या पानावर हजार विड्यांच्या मजुरीने फीला भागले होते आणि त्याखाली दर चाचणीत चुकलेल्या प्रश्नांची संख्या लिहिली होती. एक प्रश्न चुकला की इतक्या विड्या वाया गेल्या, असा त्याचा हिशेब होता. गणिताच्या दृष्टीने त्यात चूक नव्हती.

या मुलाच्या गुणांची यादी, तो खालून तिसरा असताना, नावासकट दोनशे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जात होती. यामागचा हेतू मुलांमध्ये ईर्षा जागी करण्याचा असतो, हे मी समजू शकते, आणि पहिल्या दहांत ती जागी होतही असेल. उरलेल्या एकशे नव्वदांमध्ये काय जागे होते, ते पाहायला आपण दवाखान्यात येत नाही. आपल्या गावाला फ्लेक्सची हौस फार. वाढदिवसापासून निधनापर्यंत सगळे चौकात टांगलेले असते, त्यात गुणवंतांचे फोटो लागले तर माझी तक्रार नाही. यशाचे कौतुक व्हावेच. पण खालच्या क्रमांकांची यादी हा उलट्या बाजूने लावलेला फ्लेक्सच आहे.

झोपेपाशी येते, कारण माझी खरी मागणी तिथे आहे. तेरा ते अठरा या वयात रोज आठ ते दहा तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. त्यातून या वयात मेंदूतून झोपेचा संदेश देणारे मेलॅटोनिन मोठ्या माणसांपेक्षा आणि लहान मुलांपेक्षा एक-दोन तास उशिराने स्रवू लागते. म्हणून सतरा वर्षांचे मूल दहा वाजता आडवे झाले तरी टक्क जागे असते आणि सकाळी सहाला उठवले तर उठत नाही. हा आळस नव्हे, वयाचा धर्म आहे. राज्य शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय घेतला, त्याचे मी स्वागतच केले. पण शरीराच्या घड्याळाकडे पाहिले तर उशिराची खरी गरज अकरावी-बारावीला आहे, आणि नेमकी तीच मुले सकाळी साडेसहाच्या बॅचला, अंधारात, पाठीवर दप्तर आणि पोटात फक्त चहा घेऊन निघालेली मला रोज दिसतात. अक्कलकोट किंवा मोहोळकडून एसटीने येणाऱ्यांची सकाळ तर साडेचारला होते. रात्रीची अभ्यासिका दहाला सुटते. घरी खाली माग चालू असेल तर वरच्या खोलीत लगेच झोप लागत नाही. बेरीज आपणच करावी. सहा तासांच्या वर ती क्वचित जाते.

यात आपला स्वतःचा तोटा आहे, हे मला आपल्याला मुद्दाम सांगायचे आहे. दिवसभरात शिकलेले मेंदूच्या तात्पुरत्या साठ्यातून कायमच्या साठ्यात हलवण्याचे मोठे काम झोपेतच होते. हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग हे काम पाहतो, तोच कॉर्टिसॉलच्या सततच्या माऱ्याला फार नाजूक असतो. शिवाय ताणाच्या क्षणी आधी पक्के पाठ असलेलेही आठवत नाही; 'पेपर हातात आला आणि सगळं पांढरं दिसलं' असे मुले म्हणतात ते शब्दशः खरे असते. म्हणजे सकाळी साडेसहाला आपण जे जीव तोडून शिकवता, ते रात्री टिकण्याची सोय आपण स्वतःच अभ्यासिकेच्या वेळेने काढून घेता. सहा तास झोपलेल्या मुलाला दहावा तास शिकवणे म्हणजे भरलेल्या घागरीत पाणी ओतणे आहे.

'थोडा ताण हवाच, त्याशिवाय मुले अभ्यास करत नाहीत' हे उत्तर मला पाठ आहे, आणि ते अर्धे खरेही आहे. यर्कीज आणि डॉडसन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की काम सोपे असेल तर जास्त धाकानेही ते लवकर शिकले जाते, पण काम अवघड असेल तर मध्यम धाकच उपयोगी पडतो आणि त्यापुढे शिकणे मंदावते. उंदीर आणि विद्यार्थी यांत फरक आहे, हे मान्य. तरीही आपण जे शिकवता ते सोपे नाही, एवढे तर आपल्यालाही मान्य असेल. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत तीन तासांत १८० प्रश्न सोडवायचे हे मुळातच अवघड काम आहे; धाकाची मात्रा त्यामानाने ठरवावी.

दुसरे उत्तर पालकांचे. आपल्यापैकी एक चालक मला म्हणाले की मी रविवारची चाचणी बंद केली तर सोमवारी चाळीस पालक दुसऱ्या क्लासची चौकशी करतील. ते खोटे बोलत नव्हते. माझ्या दवाखान्यातही मुलाला 'डोक्याचं टॉनिक' लिहून द्या म्हणून हटून बसणारे पालक आहेत, आणि मी प्रत्येक वेळी त्यांना नकार देते असे म्हणण्याइतकी मी सरळ नाही. लातूर पॅटर्नच्या सावलीत राहणाऱ्या गावात एकट्या क्लासने पाऊल मागे घेणे अवघड आहे. म्हणूनच हे पत्र एकाला नाही, सगळ्यांना आहे. सगळ्यांनी एकाच वेळी वेळ बदलली तर पालकांना चौकशीला दुसरा क्लास उरणार नाही.

आणि हे आता केवळ एका डॉक्टरचे म्हणणे राहिलेले नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नको, ते फार सकाळी किंवा फार रात्री नकोत, आठवड्याची सुटी असावी आणि सुटीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. मध्येच वर्ग सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असेही आहे. वहीच्या शेवटच्या पानावर भागाकार करणाऱ्या मुलासाठी हे कलम किती मोठे आहे, ते आपल्याला कळावे. फी अडकली म्हणून न झेपणाऱ्या वाटेवर दोन वर्षे चालत राहिलेली मुले मी पाहिली आहेत. त्यानंतर २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, सर्व शिक्षणसंस्था आणि कोचिंग केंद्रांना लागू होणाऱ्या पंधरा सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे आणि त्यांना चारचौघांत लाजवणे टाळावे, मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळकपणे लावावेत, ही त्यांतली काही कलमे. आपल्याकडच्या 'स्टार बॅच'चा विचार या ओळीसमोर ठेवून करावा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आयुष्य संपवले आणि या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. मी हा आकडा आपल्याला घाबरवण्यासाठी देत नाही. प्रत्येक घटनेमागे एकच कारण नसते, आणि पोट दुखणारे प्रत्येक मूल त्या वाटेवर नसते. पण मूल 'माझा कोणाला उपयोग नाही', 'मी नसतो तर बरे झाले असते' असे सहज बोलण्याच्या ओघात म्हणाले, आवडत्या वस्तू वाटू लागले, तर ती गोष्ट वर्गशिक्षकाने गमतीवारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये, पालकांना विश्वासात घ्यावे आणि १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक लावावा. तो चोवीस तास चालतो, विनामूल्य आहे आणि मराठीतून बोलता येते. आपल्या पाटीवर प्रवेशासाठीचा क्रमांक जेवढ्या अक्षरांत आहे, तेवढ्याच अक्षरांत हाही असावा. ओढवलेला प्रसंग मोठा असेल तर आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथे न्यावे. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

माझी मागणी लेखी नोंदवते. येत्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरवताना रात्रीचा शेवटचा तास सुटणे आणि सकाळचा पहिला तास भरणे यांत अकरा तासांचे अंतर ठेवावे, म्हणजे प्रवास आणि जेवण वजा जाऊन आठ तासांची झोप उरेल. रविवार मोकळा असावा आणि सोमवारी चाचणी नसावी. गुण ज्याचे त्याला कळवावेत. गैरहजेरीचा मेसेज आपोआप जाण्याआधी एखाद्या माणसाने एक फोन करून पाहावा की मूल कुठे आहे. त्या दिवशी ते दवाखान्यात असू शकते. पाणी आणि कडीचे वर लिहिलेच आहे. समुपदेशक परवडत नसेल तर शेजारच्या चार वर्गांनी मिळून एक नेमावा.

यातले बरेचसे मी माझ्या चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही, ही माझी अडचण आहे. मी लोहाच्या गोळ्या लिहू शकते, पोटाचे औषध लिहू शकते, 'आराम' असेही लिहू शकते. पण त्या मुलाला उद्या सकाळी साडेसहाला आपण बोलावलेले असते.

बुधवारी दुपारी माझा दवाखाना बंद असतो. आपल्यापैकी कोणी शिक्षकांना एकत्र बसवणार असाल, तर भराभर चाललेला श्वास कसा शांत करायचा आणि मुलाला कधी आमच्याकडे पाठवायचे, एवढे सांगायला मी अर्ध्या तासासाठी येईन. मानधन नको. वरच्या मजल्यावर वर्ग असेल तरी चालेल.

जाता जाता, त्या सोमवारच्या मुलीविषयी. मी तिच्या वर्गाला पत्र दिले आणि तिच्या सरांनी, नाखुशीने का होईना, तिला एक महिना रविवारची चाचणी बुधवारी संध्याकाळी एकटीने द्यायची मुभा दिली; तिचे गुण यादीत लावले नाहीत. गोळ्या मी बंद केल्या होत्या. पुढच्या महिन्यात ती आईला घेऊन आली तेव्हा आईची पाठ दुखत होती. तपासणी आईची होती, मुलगी नुसती सोबत आली होती.

आपली विश्वासू,
एक फॅमिली डॉक्टर,
पूर्व भाग, सोलापूर

प्रत माहितीसाठी : मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, सोलापूर